कवटीला गाव असतं

वटवाघळांच्या कवट्या मोजणं हे माझं काम. आपल्याकडच्या सगळ्यात लहान पिपिस्ट्रेल वटवाघळाची कवटी जेमतेम ११-१२ मिलिमीटर लांब, करंगळीच्या नखावर मावेल एवढी. वडापिंपळावर लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाची ७० मिलिमीटरच्या आसपास. या दोन टोकांच्या मधे भारतातल्या सव्वाशेहून अधिक जाती बसतात. मला मात्र जातीजातींमधल्या फरकापेक्षा एकाच जातीच्या आतला फरक जास्त ओढून घेतो. कोकणातली कवटी आणि विदर्भातली कवटी शेजारी ठेवली की त्या तंतोतंत जुळत नाहीत. कुठे लांबी मिलिमीटरभर जास्त, कुठे नाकाड आखूड, कुठे गालाची कमान रुंद. हा फरक खरा कधी मानायचा, त्याचं कारण कुठे शोधायचं आणि त्याला नाव कधी द्यायचं, हे प्राणिशास्त्राची मुलं-मुली मला सारखं विचारतात. त्यांना जे सांगत आले ते इथे लिहिते आहे.

१. आधी चिठ्ठी वाचा, मग कवटी

संग्रहालयात छोटी कवटी काचेच्या नळीत असते आणि नळीत किंवा नळीला बांधलेली एक चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, नर की मादी, पकडणाऱ्याचं नाव, बाहूच्या हाडाची लांबी, वजन. नवखा माणूस आधी कवटीकडे बघतो. मी चिठ्ठीकडे बघते. कवटी कितीही सुबक असो, एकही दात न हललेली असो, ती कुठली हे लिहिलेलं नसेल तर माझ्या प्रश्नाला ती उत्तर देऊ शकत नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं आणि त्याचा पहिला अहवाल आपल्या खानदेशावरचा होता. त्या सर्वेक्षणाचं मोल मला वाटतं ते नव्या जातींमुळे नव्हे, तर शिस्तीमुळे. प्रत्येक नमुन्याला ठिकाण, तारीख आणि मापं. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्या कवट्या कामाला येतात. याच सर्वेक्षणाच्या काळात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून एक मोठ्या कानांचं वटवाघूळ हाती लागलं. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्यात वनाधिकारी म्हणून नोकरी केलेल्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात त्या एका गुहेपुरतंच ठाऊक होतं. गुहेचं नाव नेमकं नोंदलेलं होतं म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना तिथे परत जाता आलं.

याउलट ज्या चिठ्ठीवर नुसतं ‘मुंबई इलाखा’ असेल ती प्रादेशिक फरकाच्या कामात वाया जाते. हा इलाखा एके काळी सिंधपासून कारवारपर्यंत पसरला होता. वाळवंट आणि सदाहरित रान दोन्ही त्याच्या पोटात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, जीपीएसचा आकडा लिहाच, पण त्याबरोबर ‘मारुतीच्या देवळाचा गाभारा, गावाच्या पश्चिमेला, ओढ्याकाठी’ असंही लिहा. आकडा लिहिताना एखादा अंक इकडचा तिकडे होऊ शकतो, मारुतीचं देऊळ जागचं हलत नाही.

२. ओळखीची कवटी पुन्हा एकदा बघा

१९४८ साली अँगस हटन या चहामळ्यातल्या निसर्ग-अभ्यासकाने तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात, म्हणजे आजच्या मेघमलईत, एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. नमुना मुंबईला बीएनएचएसच्या संग्रहात आला आणि सायनोप्टेरस स्फिंक्स, म्हणजे आपलं नेहमीचं आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ, अशी नोंद होऊन कपाटात गेला. वीसहून अधिक वर्षं तो तिथेच होता.

मग थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी तो हातात घेतला. त्यांनी दात मोजले. सायनोप्टेरसच्या दोन्ही जबड्यांत पुढच्या दातांच्या दोन-दोन जोड्या असतात. इथे एकेकच होती. शेपूट नव्हती. दाढा रुंद होत्या. १९७२ मध्ये त्यांनी ही नुसती नवी जातच नव्हे तर नवी प्रजाती असल्याचं जाहीर केलं: लॅटिडेन्स सलीमअलीआय. रुंद दात प्रजातीच्या नावात आले आणि सलीम अली जातीच्या. जिवंत वटवाघूळ पुन्हा सापडायला १९९३ उजाडलं. (हेच किट्टी पुढे १९७३ मध्ये थायलंडच्या गुहांत जगातल्या सगळ्यात छोट्या वटवाघळापर्यंत पोहोचले. दुसऱ्याच वर्षी ते गेले आणि त्या वटवाघळाला त्यांचं नाव मिळालं.)

आकारमानाचा विचार करणाऱ्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा, एखाद्याने दात न मोजता ती कवटी सायनोप्टेरसच्या तक्त्यात घातली असती, तर ‘दक्षिणेच्या उंच डोंगरांत या जातीची घडण वेगळी आहे’ असा निष्कर्ष निघाला असता आणि तो कागदावर नीटनेटका दिसला असता. दोन जाती नकळत एकत्र झाल्या की प्रादेशिक फरक आपोआप तयार होतो. म्हणून आधी दात, मग कॅलिपर.

३. आपल्या हाताची चूक किती, ते आधी ठरवा

डिजिटल कॅलिपर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं. हात तेवढा अचूक नसतो. गालाची कमान बहुतेक छोट्या वटवाघळांत इतकी बारीक असते की कॅलिपरचा जबडा जरा जास्त टेकला की ती लवते, कधी मोडते. डोक्याची रुंदी घेताना कवटी जराशी तिरपी धरली की आकडा बदलतो. दातांच्या रांगेची लांबी त्या मानाने भरवशाची, कारण तिची दोन्ही टोकं स्पष्ट दिसतात आणि एकदा दात पूर्ण आले की ती रांग वाढत नाही.

म्हणून मी प्रत्येक खेपेला काही कवट्या वेगळ्या काढते, दुसऱ्या दिवशी आधीचे आकडे झाकून पुन्हा मोजते, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून मोजून घेते. दोन मुलखांतला फरक जर त्या फेरमोजणीतल्या फरकाएवढाच निघाला तर तो फरक मुलखाचा नाही, हाताचा आहे. दोन वेगळ्या अभ्यासकांनी, वेगळ्या दशकांत, वेगळ्या संग्रहालयांत घेतलेले आकडे एकाच तक्त्यात घालून मुलखांची तुलना करणारे लेख वाचले की मला चैन पडत नाही. त्यांतल्या प्रत्येकाने ‘कवटीची सर्वाधिक लांबी’ पुढच्या दातांपासून धरली की त्यांच्या मागच्या हाडापासून, हे आधी विचारायला हवं. मेगाडर्मासारख्या वटवाघळाला तर वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात; मग माप सुळ्यापासून घ्यावं लागतं.

४. नर, मादी आणि पिल्लू यांची सरमिसळ करू नका

वटवाघळांच्या बऱ्याच कीटकभक्षी जातींत मादी नरापेक्षा किंचित मोठी असते. मोठ्या फळखाऊ वटवाघळांत उलट, नर मोठा. शिवाय पुष्कळ जातींत विणीच्या हंगामात माद्या एका जागी जमतात आणि नर वेगळीकडे राहतात. आता विचार करा: नाशिककडचा नमुना विणीच्या गुहेतला, सगळ्या माद्या, सोलापूरकडचा नमुना एखाद्या पडक्या वाड्यातला, सगळे नर. दोन्हींची सरासरी काढली तर एक सुरेख ‘प्रादेशिक फरक’ हाती येतो, आणि तो नाशिक-सोलापूरचा मुळीच नसतो.

वय ठरवणं त्याहून नाजूक. पिल्लू दोन-तीन महिन्यांत मोठ्यासारखं उडायला लागतं, पण कवटीच्या हाडांचे सांधे तेव्हा पुरते मिटलेले नसतात. जिवंत वटवाघूळ हातात असेल तर पंख उजेडासमोर धरून बोटांचे सांधे बघतात. कोवळ्या वटवाघळात तिथे कूर्चेचा फिकट पट्टा दिसतो. नुसती कवटी असेल तर दातांची झीज बघायची. आणि म्हाताऱ्या नराच्या डोक्यावरचा हाडाचा कंगोरा वयाबरोबर उंचावत जातो हेही लक्षात ठेवायचं, नाहीतर ‘इथल्या कवट्या उंच’ असं लिहिलं जातं.

या बाबतीत मला पुस्तकांइतकंच गावांनी शिकवलं. साताऱ्याकडच्या एका जुन्या शिवमंदिरात मेगाडर्मा लायरा जातीच्या वटवाघळांची वस्ती होती. तिथले गुरवकाका मला म्हणाले, “ताई, चैत्र-वैशाखात येऊ नका. आयांच्या पोटाला पोरं धरलेली असतात, तुम्ही आत गेलात की त्या गडबडतात आणि पोर खाली पडतं.” अगदी बरोबर होतं ते. या जातीची पिल्लं एप्रिलच्या सुमाराला जन्मतात आणि आईच्या मांडीजवळच्या खोट्या स्तनाग्रांना तोंडाने धरून उलटी लटकलेली राहतात. नागपूरला प्राध्यापक गोपालकृष्ण यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर जे काम केलं त्यात हे वेळापत्रक तपशिलात आलेलं आहे. कोणत्या महिन्यात कुठे जाऊ नये, हे त्या कामामुळे आणि गुरवकाकांसारख्या माणसांमुळे कळतं. त्या महिन्यांत गोळा केलेला नमुना तसाही तुलनेला निकामीच असतो.

५. दोन टोकं बघून नाव देऊ नका, मधली गावं मोजा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, आणि तो सायनोप्टेरस स्फिंक्सने दिला. हे वटवाघूळ तुम्ही बघितलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. रात्री पेरूच्या झाडाभोवती घिरट्या घालतं, फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, चोथा गॅलरीत टाकतं. पुण्यात याचे नर भेरली माडाच्या लोंबत्या फळझुपक्यांच्या मधल्या शेंड्या चावून तोडतात, आत घंटेसारखी पोकळी करतात आणि तिथे माद्यांचा गट जमवतात.

या जातीचं वर्णन व्हाल यांनी १७९७ मध्ये केलं, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या नमुन्यावरून. पुढे १९१० मध्ये क्नुड अँडरसन यांनी उत्तर भारतातल्या मोठ्या आकाराच्या वटवाघळांना गँगेटिकस हे उपजातीचं नाव दिलं. दोन नावं, दोन टोकं: दक्षिणेत लहान, गंगेच्या मैदानात मोठं. संग्रहालयात ही दोन टोकं समोरासमोर ठेवली की फरक डोळ्यात भरतो आणि नाव देण्याचा मोह होणं स्वाभाविक आहे. अँडरसन फार मोठे अभ्यासक होते, त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला.

पण मधे काय आहे? ते बघायला २००१ पर्यंत थांबावं लागलं. जे स्टॉर्झ, थॉमस कुन्झ, पुण्याचे एच. आर. भट आणि दक्षिणेतले सहकारी यांनी पश्चिम घाटाच्या पूर्व अंगाने सुमारे १२०० किलोमीटरच्या पट्ट्यात १२ ठिकाणची वटवाघळं मोजली. मापं शरीराची, म्हणजे बाह्य होती. निघालं असं की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना आकारमान सलग वाढत जातं. कुठे एके जागी उडी नाही, जिथे रेघ मारून म्हणता येईल की इथपर्यंत एक आणि इथून पुढे दुसरं. सरळ चढण आहे.

चढणीला नाव देता येत नाही. कोणत्या पायरीला खालचा मजला म्हणायचं आणि कोणत्या पायरीला वरचा, हा प्रश्नच तिथे चुकीचा ठरतो. म्हणून माझ्याकडे कुणी ‘या जिल्ह्यातली कवटी वेगळी आहे, उपजात असेल का’ असं विचारत आलं की मी विचारते, शेजारच्या जिल्ह्यातली मोजली का? त्याच्या पलीकडच्या तालुक्यातली? मधल्या गावांचा नमुना मिळवणं कंटाळवाणं असतं, तिथे काही नवीन सापडेल अशी आशा नसते, पैसे द्यायला कुणी तयार नसतं. पण खरं उत्तर त्या मधल्या गावांत असतं.

पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, स्टॉर्झ यांनी आणखी एक पाऊल टाकलं. आकारमानातला फरक त्यांनी डीएनएच्या अशा भागांतल्या फरकाशी ताडून बघितला, ज्यांच्यावर नैसर्गिक निवडीचा दाब नसतो. नुसतं अंतर आणि योगायोग यांमुळे जेवढा फरक अपेक्षित होता, त्याहून आकारमानातला फरक कितीतरी मोठा होता. म्हणजे ही चढण आपोआप घडलेली नाही; हवामानाने किंवा अन्नाने या जिवांना उत्तरेकडे मोठं आणि दक्षिणेकडे लहान ठेवलेलं आहे. भारतीय उपखंडातल्या एका साध्या, अंगणात येणाऱ्या प्राण्यावर इतकं स्वच्छ काम झालेलं आहे आणि आपल्या महाविद्यालयांत ते शिकवलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

६. अक्षांश हे कारण नव्हे

कार्ल बर्गमान यांनी १८४७ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत ऐकलेला असतो: थंड प्रदेशातले प्राणी मोठे, कारण मोठ्या शरीराचं वजनाच्या मानाने पृष्ठफळ कमी असतं आणि उष्णता कमी जाते. सायनोप्टेरसची चढण या नियमात बसते. पण बसली म्हणून कारण सापडलं असं होत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना हिवाळ्यातली थंडी वाढते, कोरडे महिने वाढतात, हवेतली आर्द्रता घटते, फळांचा हंगाम आखडतो. हे सगळं एकदम बदलतं. लांबलेल्या उपासाला तोंड द्यायलाही मोठं शरीर उपयोगी पडतं, फक्त थंडीलाच नव्हे. उत्तर-दक्षिण पट्ट्यात या कारणांना एकमेकांपासून सोडवणं फार अवघड आहे.

आणि इथे महाराष्ट्राला एक मोठी सोय आहे. पट्टा आडवा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर, माणदेशात, पाचशेच्या आसपास. अक्षांश जवळजवळ तोच, पाऊस दहापट कमी. महाबळेश्वरच्या पश्चिमेला उतरलं की कोकणात उकाडा आणि दमट हवा, समुद्रसपाटीवर. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात उंची, पाऊस, तापमान हे तिन्ही वेगवेगळ्या दिशांनी बदलतात. चिपळूण, कोयनेचं खोरं, कऱ्हाड, विटा, पुढे सांगोला अशा रेषेवर एकाच जातीच्या कवट्या मोजल्या तर पाऊस आणि थंडी यांची गाठ सुटू शकते. हा माझ्या आजच्या कामाचा गाभा आहे. विद्यार्थ्यांनी विषय मागितला की मी हाच देते: नकाशावर उभी रेघ बऱ्याच जणांनी ओढली आहे, तुम्ही आडवी ओढा.

७. मोठी कवटी म्हणजे लहान कवटीचा फुगवलेला फोटो नव्हे

आकारमान आणि घडण या दोन गोष्टी आहेत. कवटी मोठी होते तेव्हा तिचे सगळे भाग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मेंदूची पेटी हळू वाढते, नाकाड आणि जबडा जास्त. त्यामुळे दोन मुलखांत नुसतं आकारमान वेगळं असलं तरी घडणही वेगळी भासते. आजकाल कवटीच्या फोटोवर किंवा सीटी स्कॅनवर ठरावीक खुणा लावतात: सुळ्याचं मूळ, दाढेची कड, कमानीचा सगळ्यात रुंद बिंदू, मानेच्या छिद्राची कड. मग संगणक सगळ्या कवट्या एका जागी सरकवतो, एका मापाच्या करतो, एकाच दिशेला फिरवतो आणि उरलेला फरक दाखवतो. तो उरलेला फरक म्हणजे घडण. त्यातूनही आकारमानाबरोबर येणारा वाटा वेगळा काढावा लागतो. जे त्यानंतर शिल्लक राहतं, त्यालाच मी प्रदेशाची खूण मानते.

आणि ती खूण बहुतेक वेळा पोटाची असते. पॅट्रिशिया फ्रीमन यांनी १९७९ मध्ये मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांवर दाखवून दिलं की कडक पाठीचे भुंगेरे खाणाऱ्यांचे जबडे जाड, दात कमी पण मोठे, डोक्यावरचा कंगोरा उंच. आणि मऊ पतंग खाणाऱ्यांच्या कवट्या हलक्या. कंगोरा हा चावण्याच्या स्नायूचा खुंटा आहे, स्नायू जितका मोठा तितका तो उंच. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या वाशांत राहणाऱ्या स्कोटोफिलस हीथीची दणकट कवटी हातात घेतली की ते वटवाघूळ भुंगेरे फोडत असणार हे सांगावं लागत नाही. म्हणून एखाद्या मुलखात जबडा जाड दिसला की मी आधी तिथली विष्ठा तपासायला सांगते. भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचं त्यात चमकताना दिसतात. कवटीचा प्रश्न गुहेच्या फरशीवर सुटतो.

घडणीत आवाजाचाही वाटा आहे. काही वटवाघळं तोंडातून आवाज सोडतात, काही नाकातून. नाकातून सोडणाऱ्यांचं नाकाड गर्भातच खाली झुकायला लागतं, उडताना नाकपुड्या समोर याव्यात म्हणून. नालेच्या आकाराचं नाकपान असलेल्या ऱ्हायनोलोफस वटवाघळांच्या नाकाच्या मुळाशी हाडाचे फुगीर कप्पे असतात आणि ते विशिष्ट स्वराला जुळलेले असतात. तेव्हा तिथे काही दशांश मिलिमीटरचा फरक दिसला तर तो अन्नाचा आहे की स्वराचा, हे वेगळं तपासावं लागतं.

८. कवट्या सारख्या निघाल्या तरी थांबू नका

दक्षिण भारतात ऱ्हायनोलोफस रूक्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वटवाघळांत दोन स्वरांचे गट सापडले, एक सुमारे ८० किलोहर्ट्झचा आणि दुसरा सुमारे ९०. दिसायला इतके सारखे की मापांवरून वेगळे काढणं कठीण. डीएनएने मात्र ते दोन असल्याचं दाखवलं. कवटीवर माझं प्रेम आहे, पण तिच्याकडून सगळी उत्तरं मागणं अन्यायाचं आहे. गुहेत जाताना जाळ्याबरोबर ध्वनियंत्रही न्या.

९. चिठ्ठीवरची तारीख ठिकाणाइतकीच मोलाची

जर्मनीत वुर्झबुर्गजवळच्या जंगलांत बेखस्टाइन वटवाघळांच्या माद्यांवर १९९० च्या दशकापासून लक्ष ठेवलेलं आहे, प्रत्येकीला वेगळी खूण लावून. ज्या उन्हाळ्यात ऊब जास्त, त्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लांचे बाहू लांब होतात. आणि मोठ्या झालेल्या त्या माद्या लहान माद्यांपेक्षा लवकर मरतात. म्हणजे आकारमान एका पिढीत, एका ऋतूत बदलू शकतं, आणि त्या बदलाची किंमत आयुष्याने द्यावी लागते.

हे कळल्यापासून मी १९१२ ची खानदेशची कवटी आणि आजची मराठवाड्याची कवटी शेजारी ठेवून ‘मुलखाचा फरक’ असं म्हणत नाही. मधे शंभर वर्षं गेली आहेत. ज्वारी-बाजरीची जागा उसाने घेतली, विहिरी खोल गेल्या, दिव्यांमुळे कीटकांची वस्ती बदलली. तुलना करायची तर खानदेशची जुनी कवटी खानदेशच्या नव्या कवटीशी करावी. तशी तुलना आपल्याकडे फार थोडी झाली आहे. जुने संग्रह मुंबईत, पुण्यात, कोलकात्यात सांभाळलेले आहेत. बरण्यांतला अल्कोहोल वेळेवर बदलणाऱ्या, भुंगेऱ्यांपासून कातडी वाचवणाऱ्या माणसांमुळेच हे शक्य आहे. ते काम कुणाच्या नजरेत येत नाही. माझ्या प्रत्येक लेखाच्या मुळाशी ते आहे.

१०. नव्या कवटीसाठी जीव घेण्याआधी बाकीच्या वाटा संपवा

भारतात फळखाऊ वटवाघळं कित्येक वर्षं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली. पण लोकांच्या मनातली यादी अजून गेलेली नाही. संधिवातावर तेल म्हणून त्यांना मारणारे आहेत. २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्याची बातमी आली, तेव्हा गुहांची तोंडं बंद करा, झाडं तोडा अशी भाषा मी स्वतः ऐकली. डिवचलेली, हाकललेली वटवाघळं जास्त आजारी पडतात आणि जास्त पांगतात. त्यांना त्यांच्या जागी शांत राहू देण्यातच आपलंही आरोग्य आहे.

अशा काळात मापांसाठी सरसकट वटवाघळं मारणं मला पटत नाही. जुन्या संग्रहातल्या, अल्कोहोलमधल्या अख्ख्या नमुन्यांचं सीटी स्कॅन करून कवटी न काढताही मोजता येते. गव्हाणी घुबडाच्या उलटीतल्या गोळ्यांत उंदरांच्या हाडांबरोबर कधी वटवाघळाची कवटीही सापडते, मात्र घुबड किती लांबून ती घेऊन आलं असेल याचा विचार चिठ्ठीवर लिहायला हवा. आणि विजेच्या तारा. मोठ्या फळखाऊ वटवाघळाचा पंखविस्तार चार-पाच फूट. दोन तारांना एकदम पंख लागले की संपलं. बागाईत पट्ट्यात, द्राक्षं-चिकूच्या हंगामात, तारांवर वाळत लटकलेली वटवाघळं मला दरवर्षी दिसतात.

तुम्हाला असं मेलेलं वटवाघूळ जमिनीवर दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, रेबीजसह इतर आजारांचा धोका असतो. तारेवर असेल तर जवळही जाऊ नका. फोटो काढा, शेजारी एखादं नाणं किंवा पट्टी ठेवून. गाव, वस्ती, झाड, तारीख, वेळ लिहा. मग वन विभागाला कळवा. अभ्यासकांना नमुना मिळायचा तो त्यांच्या परवानगीनेच मिळतो. माणदेशातून, जत-आटपाडीकडून, मराठवाड्याच्या कोरड्या तालुक्यांतून अशा नोंदी आमच्यापर्यंत फार कमी येतात. आडव्या रेघेतली नेमकी तीच गावं रिकामी आहेत.